तापी पाटबंधारे विकास महामंडळ

तापी पाटबंधारे विकास महामंडळ हे तापी खोऱ्याच्या महाराष्ट्रातील भागात सिंचन प्रकल्पांची उभारणी व व्यवस्थापन करणारे वैधानिक महामंडळ आहे. 'महाराष्ट्र तापी पाटबंधारे विकास महामंडळ अधिनियम, १९९७' या कायद्यान्वये त्याची स्थापना झाली. मुख्यालय जळगाव येथे असून जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे आणि नाशिक जिल्ह्याचा गिरणा खोऱ्यातील भाग प्रामुख्याने त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. महामंडळाचा कारभार शासननियुक्त नियामक मंडळ पाहते.

पार्श्वभूमी

मध्य प्रदेशातील मुलताई (जि. बैतूल) येथे उगम पावणारी ७२४ किलोमीटर लांबीची तापी नदी खानदेश ओलांडून गुजरातमध्ये जाते. खोऱ्यातील पाण्यापैकी सुमारे १९१ टीएमसी पाणी महाराष्ट्राच्या वाट्याचे मानले जाते. हे पाणी अडविण्याची कामे पूर्वी राज्याचा पाटबंधारे विभाग थेट करीत असे व त्यांचा खर्च राज्याच्या अर्थसंकल्पातून होई. गिरणा (ता. नांदगाव) व हतनूर (ता. भुसावळ) ही धरणे त्याच पद्धतीने सुरू झाली.

१९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाने या पद्धतीला वळण दिले. बच्छावत लवादाने वाटून दिलेले कृष्णेचे पाणी मे २००० पूर्वी अडविण्याची निकड होती. अर्थसंकल्पातून तेवढा निधी मिळणे शक्य नव्हते. स्वतंत्र महामंडळ असल्यास ते शासनाच्या हमीवर रोखे काढून बाजारातून पैसा उभारू शकते, हा त्यामागचा विचार होता. त्याच धर्तीवर विदर्भ, कोकण, तापी आणि १९९८ मध्ये गोदावरी मराठवाडा अशी आणखी चार महामंडळे निर्माण झाली. तापी खोऱ्याला लवादाच्या मुदतीचा जाच नव्हता. तरीही साचा कृष्णेचाच वापरण्यात आला.

नियामक मंडळाची रचना

नियामक मंडळातील सदस्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग पदसिद्ध सदस्यांचा. राज्याचे जलसंपदा मंत्री हे अध्यक्ष असतात; वित्त, नियोजन, जलसंपदा आदी विभागांचे सचिव सदस्य असतात. हे सदस्य व्यक्ती म्हणून नव्हे, तर पदामुळे मंडळावर येतात आणि पद सुटताच मंडळाबाहेर जातात. दुसरा वर्ग शासनाने नामनिर्देशित केलेल्या अशासकीय सदस्यांचा. या नेमणुका राजकीय स्वरूपाच्या असल्याने राज्यात सत्तांतर झाले की त्या रद्द होणे किंवा दीर्घकाळ रिक्त राहणे हे सर्वच महामंडळांच्या बाबतीत नित्याचे झाले आहे.

कार्यकारी संचालक हे महामंडळाचे मुख्य कार्यकारी अधिकारी असतात. ते जलसंपदा विभागाच्या अभियंता संवर्गातील असून त्यांची नेमणूक व बदली शासन करते. त्यांच्या हाताखालील मुख्य अभियंता, अधीक्षक अभियंता व कार्यकारी अभियंता हेही विभागाचेच अधिकारी असतात. महामंडळ कायद्याने स्वतंत्र असले, तरी त्याचा स्वतःचा असा सेवकवर्ग जवळपास नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळात जलसंपदा खात्याची खोरेनिहाय विभागणी करण्यात आली. विदर्भ, तापी व कोकण महामंडळांचा कार्यभार जळगाव जिल्ह्यातील जामनेरचे आमदार गिरीश महाजन यांच्याकडे, तर कृष्णा व गोदावरी खोऱ्यांचा राधाकृष्ण विखे पाटील यांच्याकडे देण्यात आला.

उत्तरदायित्वाचा प्रश्न

रचनेतील मूळ अडचण अध्यक्षपदाशी निगडित आहे. प्रस्ताव मंजूर करणाऱ्या महामंडळाचे अध्यक्ष आणि त्या महामंडळावर देखरेख ठेवणाऱ्या विभागाचे प्रमुख या दोन्ही भूमिका एकाच मंत्र्याकडे असतात. वित्त सचिवांसारखे सदस्य या रचनेतील अंतर्गत अंकुश होत. मात्र मंडळाची बैठक होऊन त्यांच्यापुढे विषय आला, तरच तो अंकुश चालतो. नियामक मंडळासमोर न जाता नस्तीवरच मंजुरी दिली गेल्यास सचिवांचे मत नोंदविलेच जात नाही.

हा प्रश्न सर्वाधिक गाजला तो विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या संदर्भात. २०१२ मध्ये प्रकल्पांच्या वाढलेल्या किमतींवरून राज्यभर वाद उद्भवला. शासनाने त्याच वर्षी सिंचनविषयक श्वेतपत्रिका काढली आणि माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी समिती नेमली. पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे २०१८ मध्ये सादर केलेल्या प्रतिज्ञापत्रात शासन कार्यनियमावलीच्या आधारे तत्कालीन मंत्री व महामंडळाचे पदसिद्ध अध्यक्ष अजित पवार यांच्याकडे जबाबदारी जाते, अशी भूमिका घेतली. २०१९ मध्ये त्याच विभागाने दुसऱ्या प्रतिज्ञापत्रात अध्यक्षांना जबाबदार धरता येत नाही, असे म्हटले. एकाच कायदेशीर रचनेचे असे दोन विरुद्ध अर्थ लागू शकतात, ही बाब तापीसह पाचही महामंडळांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

या वादानंतर सुधारित प्रशासकीय मान्यतेची (प्रचलित भाषेत 'सुप्रमा') प्रक्रिया कडक झाली. असे प्रस्ताव आता राज्यस्तरीय तांत्रिक सल्लागार समितीकडून तपासले जातात आणि मोठ्या प्रकल्पांचा निर्णय राज्य मंत्रिमंडळापर्यंत जातो. गैरव्यवहारास त्यामुळे आळा बसत असला, तरी ज्या स्वायत्ततेसाठी महामंडळ निर्माण केले ती बरीचशी मंत्रालयात परतली आहे.

नियामक प्राधिकरणाशी तुलना

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ अन्वये पाचही महामंडळांना 'नदी खोरे अभिकरण' हा दर्जा मिळाला. या कायद्याखालील प्राधिकरणाची रचना वेगळी आहे. त्याचे अध्यक्ष व सदस्य मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील निवड समितीच्या शिफारशीवरून राज्यपाल नेमतात. मंत्री त्यात नसतात. पाण्याचे दर ठरविण्याचा अधिकार प्राधिकरणाकडे आहे. शेती, पिण्याचे पाणी व उद्योग यांच्यातील क्षेत्रीय वाटपाचा निर्णय मात्र २०११ च्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाकडे गेला.

लाभधारकांचे स्थान

सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याविषयीच्या २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना चारीपासून प्रकल्पापर्यंतच्या पातळीवर निवडणुकीने स्थान दिले. त्यावरील नियामक मंडळात निवडून आलेल्या लाभधारकाला हक्काची जागा मिळालेली नाही. याउलट जिल्हा नियोजन समितीत राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ यघ प्रमाणे किमान चार-पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांतून निवडलेले असावे लागतात. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील रस्ते-शाळांच्या निधीची चर्चा जिथे होते, त्या समितीची घडण धरणांच्या निर्णयसंस्थेपेक्षा अधिक लोकनियुक्त आहे. अर्थात, स्थानिक संस्थांच्या निवडणुका लांबून तेथे प्रशासक आले की या जागाही रित्या पडतात.

या अंतराचा परिणाम तापीवरील बॅरेजांच्या बाबतीत दिसला. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा व प्रकाशा (ता. शहादा) येथे बॅरेज बांधून पाणी अडविण्यात आले, पण ते शेतापर्यंत नेणाऱ्या २२ सहकारी उपसा सिंचन योजना बंद पडलेल्या होत्या. बॅरेज महामंडळाचे, उपसा योजना सहकारी संस्थांच्या आणि वीज आणखी तिसऱ्या यंत्रणेची, अशा विभागणीत नदीकाठच्या शेतकऱ्यांना अनेक वर्षे भरलेले पात्र केवळ पाहावे लागले. शेवटी या योजनांच्या दुरुस्तीसाठी शासनालाच निधी द्यावा लागला. अमळनेर तालुक्यातील पाडळसे येथील निम्न तापी प्रकल्पही निधीअभावी दशकानुदशके रेंगाळला.

आंतरराज्य विषय नियामक मंडळाच्या कक्षेबाहेर आहेत. तापी बृहत् पुनर्भरण योजनेचा करार १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे महाराष्ट्र व मध्य प्रदेश या दोन राज्यांमध्ये झाला.