टेट्रिस परिणाम

टेट्रिस परिणाम म्हणजे एखादी कृती दीर्घकाळ पुन्हा पुन्हा केल्यानंतर तिच्या प्रतिमा मनात, विशेषतः झोप लागताना, आपोआप उमटणे. हे नाव अलेक्सेई पाजितनोव यांनी १९८४ मध्ये मॉस्को येथे तयार केलेल्या टेट्रिस या व्हिडिओ गेमवरून पडले. वरून खाली येणारे ठोकळे फिरवून आडवी ओळ भरणे एवढाच हा खेळ आहे. दिवसभर बुद्धिबळ खेळणाऱ्यास रात्री पट दिसतो, तसाच हा अनुभव होय.

झोप आणि स्मृती

हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयातील रॉबर्ट स्टिकगोल्ड व सहकाऱ्यांनी २००० साली याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. २७ जणांना तीन दिवसांत सुमारे सात तास टेट्रिस खेळवून झोप लागताना काय दिसते, हे विचारण्यात आले. १७ जणांनी खेळाच्या प्रतिमा दिसल्याचे सांगितले. सहभागींपैकी पाच जण स्मृतिलोपाचे रुग्ण होते. मेंदूच्या शंखखंडाच्या आतील भागाला, म्हणजे हिप्पोकॅम्पस व त्याच्या परिसराला, इजा झाल्यामुळे आदल्या दिवशी आपण हा खेळ खेळलो होतो हेही त्यांना आठवत नसे. तरीही त्यांच्यापैकी तिघांना पडणारे ठोकळे दिसले. ते कशाचे, हे मात्र त्यांना सांगता येईना. झोपेच्या आरंभीच्या या प्रतिमांसाठी घटनांची जाणीवपूर्वक आठवण आवश्यक नसते, असा निष्कर्ष यातून निघाला. रुग्णांची संख्या अल्प असली, तरी या विषयातील हा सर्वांत लक्षणीय पुरावा मानावा लागेल.

सराव

रिचर्ड हायर यांच्या १९९२ मधील पेट स्कॅन अभ्यासात काही आठवड्यांच्या सरावानंतर खेळाडूंचे गुण वाढले, पण मेंदूच्या बाह्यकातील ग्लुकोजचा वापर घटला. कौशल्य वाढले की मेंदू अधिक काटकसरीने काम करतो, असा याचा अर्थ लावला जातो.

आघाताच्या आठवणी

टेट्रिस खेळताना दृश्य व अवकाशीय कार्यकारी स्मृती व्यापली जाते. तिची क्षमता मर्यादित असल्याने त्याच वेळी भीषण दृश्यांची स्मृती पक्की होण्यात अडथळा येईल, अशी एमिली होम्स यांची कल्पना होती. प्रयोगशाळेत क्लेशकारक चित्रफीत पाहिल्यानंतर टेट्रिस खेळणाऱ्यांना तिची दृश्ये कमी वेळा आठवली. शब्दांवर आधारलेल्या प्रश्नमंजूषेने असा लाभ झाला नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्ड येथील चाचणीत ७१ अपघातग्रस्तांचा समावेश होता. अपघातानंतर सहा तासांच्या आत, प्रसंगाची थोडक्यात आठवण करून देऊन ज्यांना हा खेळ दिला गेला, त्यांना पहिल्या आठवड्यात नकोशा आठवणी तुलनेने कमी आल्या. नुसता खेळ हातात देणे म्हणजे हा उपचार नव्हे. वेळ आणि आठवण जागवण्याची पायरी हे दोन्ही त्याचेच भाग आहेत.