बाळ आलं, आता स्पोर्ट्स कार ठेवायची की विकायची? निर्णयाआधी तपासायच्या गोष्टी

नोकरी लागल्यावर हौसेने घेतलेली गाडी आणि घरात आलेलं बाळ, या दोन्हींचं जमतं का, हा प्रश्न आता बऱ्याच जणांना पडतो. घरचे म्हणतात, "आता जरा फॅमिली कार घे." मित्र म्हणतात, "विकू नको, परत घेणं होणार नाही." दोन्हीकडे चर्चा गाडीचीच होते. खरं तर आधी एक साधी यादी करायला हवी: आठवड्याभरात बाळाला घेऊन तुम्ही कुठे कुठे जाता, आणि त्या प्रत्येक फेरीत बाळ नक्की कुठे बसणार?

ही यादी मोबाईलच्या नोट्समध्ये लिहून काढा. जुळे सोलापूरहून सात रस्त्याकडे डॉक्टरकडे, महिन्यातून एकदा तुळजापूर (साधारण ४५ किमी) किंवा अक्कलकोट (साधारण ४० किमी), आणि नोकरी पुण्यात असेल तर शनिवार-रविवारची सुमारे २५० किमीची फेरी. पुढची सगळी उत्तरं या यादीवरून निघतात.

आधी ठरवा: तुमची गाडी कोणत्या प्रकारची?

आपल्याकडे "स्पोर्ट्स कार" हा शब्द बऱ्याच गाड्यांना वापरला जातो. बाळाच्या दृष्टीने त्यांचे तीनच प्रकार होतात.

१. दोन सीटची गाडी: बीएमडब्ल्यू झेड-४ सारखी. मागची सीटच नाही.

२. दोन दारं, पण चार सीट: फोर्ड मस्टँग, मिनीची तीन दारांची कूपर आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारी, नाशिकच्या कारखान्यात बनणारी तीन दारांची महिंद्रा थार (तिसरं दार म्हणजे मागचं). मागे सीट आहे, पण तिथे पोहोचायला पुढची सीट वाकवावी लागते.

३. चार दारांची वेगवान गाडी: चाकणला बनलेली पोलो जीटी, ह्युंदाईची आय-२० एन लाइन वगैरे.

तिसऱ्या प्रकारची गाडी असेल तर फक्त बाळासाठी ती विकायचं काही कारण नाही. मागे चाइल्ड सीट बसते, दार पूर्ण उघडतं. सवयी बदला, गाडी राहू द्या. खरा प्रश्न पहिल्या दोन प्रकारांचा आहे.

मांडीवर बाळ का चालत नाही?

"गावातल्या गावात जायचंय, घेते मी मांडीवर" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. म्हणून एक छोटं गणित करू. गाडीचा वेग ताशी ४० किमी, म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. बाळाचं वजन ७ किलो. धडक झाली आणि गाडी ०.१ सेकंदात थांबली, तर बाळाला धरून ठेवायला लागणारा जोर सुमारे ७८० न्यूटन होतो. म्हणजे त्या क्षणी जवळपास ८० किलोचं पोतं हातात धरून ठेवण्यासारखं. ते कोणाच्याही हातात राहणार नाही.

त्यात आई किंवा बाबा पुढच्या सीटवर असतील तर समोर एअरबॅग असते. ती सेकंदाच्या काही शतांश भागात फुगते आणि तिच्या व मोठ्या माणसाच्या मध्ये पहिलं बाळच येतं.

कायदाही स्पष्ट आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १९४-बी आलं. त्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर १००० रुपये दंड आहे.

गाडीत काय काय तपासायचं?

एअरबॅग बंद होते का? लहान बाळाची सीट मागच्या दिशेला तोंड करून बसवतात, कारण बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक असते. अशी सीट चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवायची नाही. दोन सीटच्या गाडीत पॅसेंजर एअरबॅग बंद करायची सोय नसेल, तर त्या गाडीत बाळ बसू शकत नाही. इथे तडजोड नाही.

आयसोफिक्स आहे का? सीटची पाठ आणि बसायची जागा जिथे मिळते त्या फटीत हात घाला. धातूच्या दोन कड्या लागल्या की आयसोफिक्स आहे. चाइल्ड सीट त्यात खटकन अडकते आणि वरचा पट्टा किंवा खालचा पाय तिला पुढे कलंडू देत नाही. आयसोफिक्स नसेल तर तीन ठिकाणी अडकणाऱ्या सीटबेल्टने बसणारी चाइल्ड सीट मिळते. गाडीच्या मॅन्युअलची पीडीएफ कंपनीच्या साइटवर असते, त्यात कुठल्या सीटवर काय चालतं ते लिहिलेलं असतं.

मागची सीट समोर तोंड करून आहे का? जुन्या थारसारख्या गाड्यांमध्ये मागे समोरासमोर बाकडी असतात. बाजूला तोंड करून असलेल्या बाकावर चाइल्ड सीट लावायची नाही. सेकंडहँड घेतलेल्या गाडीत हे आधी बघा.

रेटिंग काय? ग्लोबल एनकॅपच्या २०२० च्या चाचणीत तीन दारांच्या थारला मोठ्यांसाठी ४ आणि मुलांसाठीही ४ स्टार मिळाले होते. पाच दारांच्या थार रॉक्सला २०२४ मध्ये भारत एनकॅपमध्ये दोन्हीकडे ५ स्टार मिळाले. भारत एनकॅप १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. मुलांचं रेटिंग वेगळं असतं, तेच बघा. या चाचणीत दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाच्या आकाराचे पुतळे चाइल्ड सीटमध्ये बसवतात. म्हणजे ते स्टार चाइल्ड सीट लावलेल्या गाडीचे आहेत, मांडीवरच्या बाळाला ते लागू नाहीत.

चढता-उतरता येतं का? हे कागदावर कळत नाही, करूनच बघा. चाइल्ड सीट विकत घेण्याआधी दुकानदाराला ती तुमच्या गाडीत बसवून दाखवायला सांगा. मग त्यात ५ किलोची तांदळाची पिशवी ठेवा, पट्टे लावा, काढा, पिशवी बाहेर घ्या. पार्किंगमध्ये असं सलग दहा वेळा करा, आणि घरातल्या प्रत्येकाने करा. तुम्ही एकटे असताना जमतं, पण सिझेरियन झालेल्या आईला पहिले काही आठवडे वाकून वजन उचलायला डॉक्टर मनाई करतात. आजीच्या गुडघ्यांचाही विचार करा. सीट वापरायला त्रास झाला की माणसं तिसऱ्या दिवशी बाळाला परत मांडीवर घेतात. दोन दारांच्या गाडीचा खरा धोका हा आहे.

डिकी पुरते का? मागच्या सीट वापरात असताना तीन दारांच्या थारमध्ये सामानाला फारच थोडी जागा उरते. स्ट्रोलर, डायपरची बॅग आणि दोन दिवसांचे कपडे एकत्र ठेवून फोटो काढा आणि डिकीशी ताडून बघा. सामान सैल ठेवून चालत नाही, धडकेत तेही उडतं.

ऊन. सोलापुरात एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. उन्हात उभ्या बंद गाडीतलं तापमान १० मिनिटांत साधारण १० अंशांनी वाढू शकतं. काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. बाळाला "दोन मिनिटं" सुद्धा गाडीत एकटं ठेवायचं नाही. चाइल्ड सीटच्या बकलला हात लावून मगच बाळ बसवा. कापडी छताची गाडी असेल तर हायवेवरचा आवाज आणि एसीचा जोर दोन्ही दुपारी तपासा.

गाडी विकली तर बाळ कशावर जाणार?

बहुतेक लोक हा प्रश्न विचारतच नाहीत. थार विकली, नवीन गाडीचं बुकिंग सहा महिन्यांनी करू असं ठरलं, आणि मधल्या काळात घरात उरली स्कूटर. मग डॉक्टरच्या फेऱ्या स्कूटरवर. म्हणजे सुरक्षेसाठी गाडी विकून आपण बाळाला जास्त धोक्यात नेलं.

टू-व्हीलरवरच्या मुलांसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने नियम १३८ मध्ये भर घातली. एका वर्षाने, १५ फेब्रुवारी २०२३ पासून ती लागू झाली. चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी जोडणारा सेफ्टी हार्नेस हवा, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, आणि वेग ताशी ४० किमीच्या आत हवा. शिवाय चालकासोबत एकच व्यक्ती बसू शकते, त्यामुळे आई-बाबा-बाळ हे चित्र कायद्यात बसत नाही.

तुळजापूर रोडवर बाजूने ट्रक ८० ने जात असताना ४० ने स्कूटर चालवून बघा. नियम पाळूनही ती जागा बाळाची नाही. म्हणून अडचणीची का होईना, चाइल्ड सीट नीट बसलेली दोन दारांची गाडी स्कूटरपेक्षा कितीतरी बरी. दुसरी गाडी दारात येईपर्यंत पहिली विकू नका.

खर्चाचं गणित

"मायलेज देत नाही म्हणून विकतो" हे कारण एकदा आकड्यांत बघू. पेट्रोल १०५ रुपये आणि महिन्याला ५०० किमी धरू. १० चं मायलेज असेल तर खर्च ५,२५० रुपये, १८ चं असेल तर साधारण २,९२० रुपये. फरक महिन्याला २,३३० च्या आसपास. तेवढ्यासाठी चालू गाडी विकून नवीन कर्ज काढणं परवडत नाही. जड जातात ते ईएमआय, विमा, रुंद टायर आणि महागडे पार्ट. गेल्या १२ महिन्यांचा या चार गोष्टींचा हिशोब यूपीआय ॲपच्या हिस्टरीतून काढा. ईएमआयमुळे बाळाचा आरोग्य विमा किंवा घरचा इमर्जन्सी फंड अडत असेल, तर विकण्याचं ते ठोस कारण आहे.

विकायची ठरली तर मोबाईलवरून करायची कामं

- गाडीवरचे ई-चलन आधी तपासून भरा. महाराष्ट्र ट्रॅफिक पोलिसांच्या साइटवर गाडी नंबर टाकून बघता येतं.
- कर्ज संपलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा काढा.
- फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून थांबू नका. महाराष्ट्रातल्याच माणसाला विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. एमएच-१३ ची गाडी कर्नाटकात जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते. आपल्याकडे विजापूर, कलबुर्गीचे ग्राहक बरेच असतात, म्हणून हे लक्षात ठेवा.
- एमपरिवहन ॲपवर नाव बदललं का, ते बदलेपर्यंत बघत राहा. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. गाडी पुढे कितीही हात बदलली आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या नावावर येते.
- फास्टॅग ज्या बँकेचा आहे तिथे बंद करा. नाहीतर सावळेश्वर आणि वरवडे टोलचे पैसे तुमच्याच खात्यातून जात राहतील.
- नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, पुढच्या गाडीला वापरता येतं.
- गाडीच्या स्क्रीनवर फॅक्टरी रिसेट करा. तुमचे कॉन्टॅक्ट, घराचा पत्ता, कॉल हिस्टरी त्यात असते. कनेक्टेड कार ॲप असेल तर त्यातूनही गाडी काढा, नाहीतर गाडीचं लोकेशन तुमच्या फोनवर दिसत राहतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सेकंडहँड चाइल्ड सीट चालते का? ती अपघातात होती का हे खात्रीने माहीत असेल तरच. घरातल्याच कोणाची असेल तर ठीक. मागच्या नारिंगी लेबलवर आर-४४ किंवा आर-१२९ लिहिलेलं आहे का बघा.

पुणे-सोलापूर एका दमात करू का? नको. बाळाला सलग दोन तासांपेक्षा जास्त सीटमध्ये ठेवू नये, अगदी तान्ह्या बाळाला त्याहून कमी. भिगवण आणि टेंभुर्णीला थांबा, बाळाला बाहेर काढा.

दोन सीटची गाडी फक्त हौसेसाठी ठेवली तर? घरात दुसरी, मागची सीट असलेली गाडी असेल आणि ईएमआयचा ताण नसेल तर खुशाल ठेवा. फक्त तिला बाळाची गाडी समजू नका.

थोडक्यात

सुरुवातीच्या यादीतल्या प्रत्येक फेरीसमोर बाळाची जागा लिहा. सगळीकडे "चाइल्ड सीट, मागे" आलं आणि घरातल्या सगळ्यांना तांदळाच्या पिशवीची परीक्षा जमली, तर गाडी ठेवा. एका जरी फेरीसमोर "मांडीवर" किंवा "स्कूटरवर" आलं, तर आधी ती फेरी सोडवा: चाइल्ड सीट, दुसरी गाडी किंवा गाडी बदलणं, जे जमेल ते. हा लेख ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे अशा मित्राला नक्की पाठवा, आणि प्रश्न असतील तर विचारा.