एका प्रतीवर भरवसा नको

गोव्यात कागद टिकवणे कधीच सोपे नव्हते. चार महिने पाऊस, वर्षभर दमट हवा, भिंतीतून चढणारी ओल आणि संधी मिळाली की वाळवी. तरीही शेकडो वर्षांपूर्वीचे दस्तऐवज आज पणजीच्या पुराभिलेखागारात वाचता येतात. पोर्तुगीजांनी 1595 साली गोव्यात सरकारी दफ्तरखाना उभा केला आणि दियोगु दु कोतु या इतिहासकाराकडे त्याची जबाबदारी दिली. तेव्हापासून कोणी ना कोणी ही दफ्तरे सांभाळत आले, म्हणून ती आहेत.

आज आपण चवथीची माटोळी, शिगमो, जत्रा, नातवाचे बारसे यांचे हजारो फोटो काढतो. त्यांना असा राखणदार नाही. ते मोबाईलमध्ये असतात, नाही तर कपाटातल्या एखाद्या सीडीवर. पन्नास वर्षांनी ते उघडतील का? या प्रश्नाचे उत्तर मला इतिहासातच शोधावेसे वाटते.

डिजिटल छायाचित्राचे वय तसे फार नाही. 1957 साली अमेरिकेत रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात उतरवला. तो 176 गुणिले 176 ठिपक्यांचा होता. 1975 मध्ये कोडॅकच्या स्टीव्ह सॅसन यांनी डिजिटल कॅमेरा तयार केला. त्यातले एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला 23 सेकंद लागत. म्हणजे पहिल्यापासूनच दोन प्रश्न जोडीने आले: चित्र कशात साठवायचे, आणि ते साठवण पुढे वाचणार कोण?

1992 हे वर्ष या बाबतीत फार बोलके आहे. त्या वर्षी कोडॅकने 'फोटो सीडी' बाजारात आणली. एका तबकडीवर सुमारे 100 फोटो मावत आणि घरी टीव्हीवर पाहता येत. पण त्या फोटोंची रचना कोडॅकच्या मालकीची होती. पुढे कंपनीने ती पद्धत सोडून दिली आणि आज त्या फाईली उघडायला मुद्दाम खटपट करावी लागते. त्याच वर्षी जेपीईजी हे सर्वांना वापरता येणारे प्रमाण ठरले. ते आज साध्या मोबाईलवरही उघडते. दोन्ही एकाच वयाची, पण जे अनेकांचे झाले ते टिकले.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. 1086 साली तिथल्या राजाने जमीनजुमल्याची नोंद करवली, तिला 'डूम्सडे बुक' म्हणतात. तिला 900 वर्षे झाली म्हणून 1986 मध्ये बीबीसीने नवी नोंद काढली. शाळकरी मुलांसह लाखो लोकांनी आपल्या गावाची माहिती आणि फोटो पाठवले. हे सारे लेझर डिस्कवर भरले. त्या वाचायला खास यंत्र आणि खास संगणक लागे. जेमतेम पंधरा वर्षांत ती यंत्रे दुर्मीळ झाली आणि 2002 च्या सुमारास संशोधकांना जुन्या संगणकाची नक्कल करणारी प्रणाली लिहावी लागली. पुढे 2011 मध्ये बीबीसीने ही माहिती इंटरनेटवर आणली, पण 2018 मध्ये ते संकेतस्थळही बंद झाले. त्याची प्रत ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ठेवली आहे. आणि 1086 ची चामड्यावरची पोथी? ती अजून डोळ्यांनी वाचता येते.

यावरून डिजिटल वाईट आणि कागद चांगला, असा निष्कर्ष काढू नये. आपल्या गोव्यातलेच एक उदाहरण उलट सांगते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' 1616 साली रायतूरला छापले गेले. पुढे 1649 आणि 1654 मध्येही छापले. या तीनही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. मग सुमारे 11 हजार ओव्यांचा हा ग्रंथ आपल्यापर्यंत आला कसा? लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे. मंगळूरला 1907 मध्ये तो पुन्हा छापला गेला तो अशा हस्तलिखितांवरून. लंडनमध्ये तर त्याची देवनागरी प्रतही मिळाली. मूळ ग्रंथ रोमन लिपीत होता, हे लक्षात घ्या. म्हणजे प्रती अनेक झाल्या, जागा वेगळ्या झाल्या आणि लिपीही बदलली. ग्रंथ वाचला तो या तीन गोष्टींनी.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम याहून वेगळे काय सांगतो? प्रत्येक फोटोच्या तीन प्रती ठेवा. त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असू द्या. एक प्रत घराबाहेर ठेवा. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरातले कोणी तरी मुंबई-पुण्याला नाही तर परदेशात असते. चवथीला ते आले की एक हार्ड डिस्क त्यांच्याबरोबर पाठवावी.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मोबाईल आणि इंटरनेटवरचा साठा एकमेकांशी जुळवलेले असतील तर एकीकडे पुसलेला फोटो दुसरीकडूनही जातो. त्याला दुसरी प्रत म्हणता येत नाही. घरी लिहिलेल्या सीडीवरचा रंगाचा थर उष्णता, उजेड आणि दमटपणाने खराब होतो. हार्ड डिस्कही कधीतरी बंद पडतेच. म्हणून वर्षातून एकदा सगळे उघडून पाहावे आणि काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवून घ्यावे. जुने पोथीवाले हेच करीत.

शेवटी एक गोष्ट, जी कुठलेही यंत्र करणार नाही. फाईलला नाव द्या: साल, गाव, प्रसंग, माणसे. फोटो टिकला आणि त्यातली आजी कोण हे सांगणारे कोणी उरले नाही, तर टिकला तो नुसता ठिपक्यांचा पुंजका. घरातली वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून नावे लिहून घ्यावीत. प्रती नंतरही काढता येतील.