पत्ता कोणाच्या नावावर?

आयटीत आहे म्हटलं की नात्यातलं, सोसायटीतलं कोणीतरी कधी ना कधी विचारतंच, "अरे, आमच्या संस्थेची एक छोटीशी वेबसाईट करून देशील का?" मग चर्चा होते ती रंगांची, लोगोची आणि अध्यक्षांचा फोटो कुठे लावायचा याची. पत्ता कोणाच्या नावावर घ्यायचा, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. आणि वेबचा इतिहास पाहिला तर छोटी दुकानं, छोट्या संस्था वारंवार अडकल्या आहेत त्या नेमक्या याच प्रश्नावर. म्हणून या वीकांताला जरा मागे जाऊन बघू.

आर्पानेटच्या काळात जोडलेल्या सगळ्या संगणकांची नावं एकाच फाईलमध्ये असायची. ही फाईल कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांची टीम सांभाळायची. संगणक वाढत गेले तशी ही एकखांबी व्यवस्था झेपेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस, मांडली. कल्पना साधी होती: तुमच्या नावाखालची यादी तुम्हीच सांभाळा. नाव कोणत्या यंत्राकडे बोट दाखवेल ते नावाचा धनी ठरवणार. उद्या सर्व्हर बदलला तरी नाव तेच. म्हणजे तुम्ही दादरहून डोंबिवलीला राहायला गेलात तरी पोस्टमन जुन्याच पत्त्याची पत्रं बिनचूक नव्या घरी आणून देणार!

गंमत म्हणजे सुरुवातीला ही नावं फुकट मिळायची. सप्टेंबर १९९५ मध्ये नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीने दोन वर्षांचे १०० डॉलर घ्यायला सुरुवात केली. त्याच्या महिनाभर आधी, १५ ऑगस्टला, व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं होतं. तेव्हाच्या दराने १०० डॉलर म्हणजे तीन हजार रुपयांच्या वर. एखाद्या वाचनालयाने किंवा नाट्यमंडळाने नुसत्या नावासाठी एवढे पैसे का मोजावेत?

त्यापेक्षा फुकटची जागा बरी. ती दिली जिओसिटीजने. डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी १९९४ मध्ये ही कंपनी काढली. तिथे चक्क वस्त्या होत्या. संगणकवाले सिलिकॉन व्हॅलीत, सिनेमावाले हॉलिवूडमध्ये, शिक्षण-तत्त्वज्ञानवाले अथेन्समध्ये. प्रत्येकाला घर क्रमांक मिळायचा आणि तोच वेबचा पत्ता. एचटीएमएल जेमतेम येणाऱ्या लाखो लोकांनी तिथे संसार थाटले. लुकलुकणाऱ्या अक्षरांना आपण आज हसतो खरे, पण "आपलंही एक पान असू शकतं" हे सामान्य माणसाला पटवलं ते याच वस्त्यांनी.

जानेवारी १९९९ मध्ये याहूने जिओसिटीज सुमारे साडेतीन अब्ज डॉलरच्या शेअर्सना घ्यायचं जाहीर केलं. त्याच वर्षी नव्या अटी आल्या, त्यात लोकांच्या मजकुरावर याहूला फारच मोकळे हक्क होते. बरीच ओरड झाली आणि याहूला अटी बदलाव्या लागल्या. पण २६ ऑक्टोबर २००९ ला अमेरिकेतली जिओसिटीज बंदच झाली. जेसन स्कॉट आणि त्यांच्या आर्काइव्ह टीमने, तसंच इंटरनेट आर्काइव्हने, जमेल तेवढी पानं वाचवली. पानं वाचली, पण पत्ते गेले. पत्रिकांवर, पावतीपुस्तकांवर, दुसऱ्यांच्या लिंकांमध्ये छापलेला पत्ता कुठेच पोचेना. घरातलं सामान वाचलं, पण पोस्टमनला कोण सांगणार?

"हे जुनं झालं रे," असं म्हणणाऱ्यांसाठी ताजं उदाहरण. २०१७ मध्ये गूगलने छोट्या व्यवसायांना मोबाईलवरून दहा मिनिटांत फुकट वेबसाईट बनवायची सोय दिली. मार्च २०२४ मध्ये ती बंद केली. जुन्या पत्त्यावर येणारी गिऱ्हाईकं १० जूनपर्यंत दुकानाच्या गूगल प्रोफाईलकडे वळवली, त्यानंतर तेही थांबलं. ज्याने बिझनेस कार्डावर तो पत्ता छापला होता, त्याची कार्डं रद्दीत.

बरं, मग स्वतःचं नाव घेतलं की निवांत? तेवढंही सोपं नाही. डोमेन म्हणजे आपला सातबारा असं आपण समजतो, पण तो असतो भाडेपट्टा, मुदतीत नूतनीकरण करावं लागणारा. नोव्हेंबर २०१९ मध्ये स्वयंसेवी संस्थांच्या आवडत्या '.ऑर्ग'चं व्यवस्थापन करणारी ना-नफा संस्थाच इथॉस कॅपिटल या खाजगी कंपनीला १.१३५ अब्ज डॉलरना विकायचं ठरलं. काही महिने आधीच दरावरची कमाल मर्यादा काढलेली होती. जगभरच्या संस्थांनी विरोध केला आणि ३० एप्रिल २०२० ला आयकॅनने परवानगी नाकारली. भाडेपट्टा वाचला, तो भाडेकरू वेळेवर एकत्र आले म्हणून.

तरीही माझं मत पक्कं आहे: नाव स्वतःचंच घ्या. कारण भाडेपट्टा असला तरी त्यावर सही तुमची असते. होस्टिंग आवडलं नाही तर बदलता येतं, नाव नोंदवणारी कंपनीही बदलता येते, आणि पत्ता तसाच राहतो. २००५ पासून '.इन' सर्वांना थेट मिळू लागलं, २०१४ मध्ये देवनागरीत '.भारत'ही आलं. आज वर्षाचा खर्च मंडळाच्या एका मीटिंगच्या चहा-वड्याइतका आहे.

फक्त एक करा. डोमेनचं खातं साईट बनवून देणाऱ्या हौशी भाच्याच्या नावावर ठेवू नका, मग तो भाचा मी असलो तरी :) भाचा उद्या अमेरिकेला जाईल, त्याचा ईमेल बदलेल, नूतनीकरणाची सूचना त्या जुन्या इनबॉक्समध्ये पडून राहील, आणि मुदत संपली की नाव दुसराच कोणी उचलेल. खातं संस्थेच्या नावावर, ईमेल संस्थेचा, पासवर्ड दोन विश्वस्तांकडे आणि नूतनीकरणाची तारीख वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर. एवढं झालं की मग अध्यक्षांचा फोटो डावीकडे की उजवीकडे, यावर खुशाल दोन तास भांडा.