मीटरचा काटा 80 वर, तरी चलान कसं आलं?

नांदेड/लातूर : लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड महामार्गावर (क्र. 361) गाडी चालवणाऱ्यांना हा प्रश्न पडतो.

मीटर किती खरं?
संयुक्त राष्ट्रांच्या नियम 39 नुसार कारचं मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवूच शकत नाही. जास्त दाखवलं तर चालतं : 10 टक्के अधिक 4 किमी. म्हणजे खरा वेग 80 असेल तर काटा 92 पर्यंत जाऊ शकतो.

मग गडबड कुठं?
टायरमध्ये. मीटर चाकाचे फेरे मोजतं. कंपनीच्या मापापेक्षा 5 टक्के मोठं टायर टाकलं, तर तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त पळते. मीटर बरोबर असलं तरी काटा 80 वर, खरा वेग 84. स्पीडगन खरा वेग पकडते.

दंड
कलम 183 : हलक्या वाहनाला 1 ते 2 हजार, मध्यम व जड वाहनाला 2 ते 4 हजार रुपये.

चलान चुकीचं वाटतंय?
फोटो, गाडी नंबर, वेग, वेळ, ठिकाण तपासा. नियम 167अ प्रमाणे यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं, तेही दरवर्षी नव्यानं. फोटोत गाडी तुमची नसेल तर ई-चलानच्या साईटवर तक्रार करा.

'थोडं जास्त चालतं' या भरवशावर राहू नका. पाटीवरचा आकडा पाळा.