कारंज्याची शास्त्रभांडारे : बांधलेल्या पोथ्या आणि सोडलेली वेष्टने

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे क्षेत्र संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे देशभरातील बंजारा बांधवांची काशी म्हणून विख्यात आहे. रामनवमीच्या यात्रेस तेथे लाखोंचा समुदाय लोटतो. दि. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी याच पोहरादेवीत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. चार मजली इमारत, तेरा दालने. ज्या समाजाच्या गोरबोलीला स्वतःची लिपी नव्हती, ज्याने आपला इतिहास पिढ्यान्‌पिढ्या गीतांतून आणि नगाऱ्याच्या ठेक्यावर सांभाळला, त्याची स्मृती आता सर्वांना पाहावयास खुली झाली. जिल्ह्यातील सर्वच समाजांना अभिमान वाटावा, अशी ही घटना होती.

त्याच्या दोनच दिवस आधी, ३ ऑक्टोबरला, केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांच्या फळ्यांवर ही आनंदवार्ता झळकली. त्याच निर्णयाने प्राकृत भाषेलाही हा दर्जा मिळाला, या गोष्टीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. वास्तविक ही दुसरी वार्ता आपल्याच जिल्ह्यातील एका गावाच्या घरची होती. ते गाव म्हणजे कारंजा (लाड). तेथील तीन जैन मंदिरांच्या शास्त्रभांडारांनी प्राकृत आणि अपभ्रंश वाङ्‌मयाच्या अभ्यासाला जे दिले, त्याची आठवण सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने करणे उचित ठरेल.

कारंजा ही वऱ्हाडातील जुनी, धनसंपन्न पेठ होती. १६७० साली सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर छत्रपती शिवाजी महाराजांच्या सैन्याने कारंज्यावर चाल केली, एवढ्यावरून तेथील वैभवाची कल्पना यावी. त्याच शतकात दक्षिणयात्रा करणाऱ्या शीलविजय या श्वेतांबर साधूंनी आपल्या ‘तीर्थमाला’ या रचनेत कारंज्याच्या बघेरवाल श्रावकांच्या औदार्याचे वर्णन केले आहे. श्वेतांबर साधूने दिगंबर श्रावकांची मोकळेपणाने स्तुती करावी, ही गोष्ट पंथभेदाच्या तंट्यांत रमणाऱ्यांनी ध्यानी घेण्याजोगी आहे. बलात्कारगण आणि सेनगण या दोन्ही परंपरांच्या भट्टारकांची पीठे येथे होती, काष्ठासंघाचेही मंदिर होते. जेथे पीठ, तेथे पठण आणि जेथे पठण, तेथे पोथ्या. अशा रीतीने तीन मंदिरांत तीन भांडारे वाढली.

छापखाना आणि वृत्तपत्र येण्यापूर्वी गावाचे ग्रंथालय म्हणजे हे भांडारच. चातुर्मासात तेथूनच पोथी निघे, तेथेच शंकासमाधान होई, मुले अक्षरओळखही तेथेच करीत. आणि त्या काळच्या समाजवार्ता? त्याही तेथेच लिहून ठेवलेल्या आहेत, फक्त पोथीच्या शेवटच्या पानावर. ग्रंथ संपल्यानंतर लिहिली जाणारी प्रशस्ती ही समाजाची खरी बातमी. कोणत्या संवतात वा शकात, कोणत्या गावी, कोणत्या चैत्यालयात ही प्रत लिहिली गेली. गण आणि गच्छ कोणता. भट्टारकांची परंपरा कोणती. दान देणारे कुटुंब कोणत्या ज्ञातीचे आणि गोत्राचे. त्यांच्या पत्नींची, पुत्रांची, सुनांची नावे काय. कोणत्या व्रताच्या उद्यापनानिमित्त हे शास्त्रदान घडले. ती प्रत कोणाच्या हाती दिली. लिहिणाऱ्याचे नाव काय. आजच्या निमंत्रणपत्रिकेतही इतका तपशील क्वचितच मिळतो. डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांनी १९५८ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून ‘भट्टारक संप्रदाय’ हा ग्रंथ सिद्ध केला, तो अशाच प्रशस्ती, मूर्तिलेख आणि पट्टावलींच्या आधारे. ज्या स्त्रियांची नावे अन्य कोणत्याही दप्तरात आढळणार नाहीत, ती या शेवटच्या पानांवर टिकून राहिली आहेत.

प्रशस्तीनंतर बहुधा लेखकाची एक विनवणी असते. माझ्या पोथीला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, बांधणी सैल राहू देऊ नका आणि मूर्खाच्या हाती ती देऊ नका, असा तिचा आशय. पहिल्या तीन आज्ञा आपल्या पूर्वजांनी तंतोतंत पाळल्या. चौथीचा अर्थ मात्र कालांतराने बदलला. मूर्खाच्या हाती देऊ नये, याचा अर्थ कोणाच्याच हाती देऊ नये, असा घेतला जाऊ लागला. त्यालाही कारण होते. परचक्रे, आगी, ग्रंथांची चोरटी विक्री यांमुळे विश्वस्तांच्या मनात भीती बसली होती, आणि ती भीती सर्वस्वी निराधार नव्हती. परंतु परिणाम असा झाला, की पोथ्यांची पूजा होत राहिली आणि वाचणारा उरला नाही.

या पार्श्वभूमीवर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कारंज्याच्या विश्वस्तांनी घेतलेला निर्णय किती मोठा होता, हे कळते. त्या वेळी मध्यप्रांत आणि वऱ्हाड सरकारने प्रांतातील संस्कृत व प्राकृत हस्तलिखितांची सूची करण्याचे काम रायबहादूर हिरालाल यांच्याकडे सोपविले होते. येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण दोन हिरालालांची गल्लत अनेकदा होते. रायबहादूर हिरालाल हे कटनीचे, सरकारी सेवेतून निवृत्त झालेले इतिहाससंशोधक. रसेलसाहेबांसमवेत १९१६ साली त्यांनी मध्यप्रांतातील जातीजमातींवरील चार खंड प्रसिद्ध केले, त्यांत बंजारा समाजावरही विस्तृत प्रकरण आहे. दुसरे प्रा. हिरालाल जैन, अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृत शिकविणारे. रायबहादुरांची सूची १९२६ साली नागपूर येथे प्रसिद्ध झाली. तीत कारंज्याच्या पोथ्यांची नोंद आली आणि विद्वज्जगताला प्रथमच कळले, की वऱ्हाडातील एका लहानशा गावात अपभ्रंश भाषेतील अज्ञात काव्यांच्या प्रती कापडात बांधून ठेवलेल्या आहेत.

सूची झाली, की काम संपले, असे सहसा होते. येथे तसे झाले नाही. कारंज्याच्या समाजाने स्वतः पैसा उभा केला. अंबादास चवरे यांच्या नावाने दिगंबर जैन ग्रंथमाला सुरू झाली. डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादिलेले पुष्पदंतांचे ‘जसहरचरिउ’ १९३१ साली कारंजा ग्रंथमालेतून बाहेर पडले. प्रा. हिरालाल जैन यांनी १९३२ साली ‘सावयधम्मदोहा’, १९३३ साली मुनी रामसिंहांचा ‘पाहुडदोहा’ आणि १९३४ साली मुनी कनकामरांचे ‘करकंडचरिउ’ संपादित केले. बलात्कारगण मंदिराच्या मंडळींनी स्वतंत्र प्रकाशन संस्था काढून १९३३ साली पुष्पदंतांचे ‘णायकुमारचरिउ’ छापले. चार वर्षांत पाच ग्रंथ! तेव्हा जागतिक मंदीने कापसाचे भाव कोसळले होते आणि वऱ्हाडचा व्यापारी मेटाकुटीस आला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या खर्चाची किंमत खऱ्या अर्थाने समजते.

यांतील पुष्पदंत हे दहाव्या शतकातील महाकवी. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या मान्यखेट राजधानीत अमात्य भरत आणि त्याचा पुत्र नन्न यांच्या आश्रयाने त्यांनी रचना केली. त्यांची भाषा ही प्राकृत आणि आजच्या मराठी-हिंदी-गुजरातीच्या मधली पायरी होय. मराठीच्या प्राचीनत्वाचा विचार करताना अपभ्रंशाचा हा दुवा वगळता येत नाही. ‘करकंडचरिउ’चे महत्त्व आणखी निराळे आहे. त्यात राजा करकंड तेरापूरजवळील डोंगरात पार्श्वनाथांची मूर्ती असलेले लेणे पाहतो, तेथे अकस्मात पाण्याचा झरा फुटतो आणि पुढे तो नवी लेणी कोरवितो, अशी कथा आहे. प्रा. जैन यांनी हे वर्णन धाराशिवजवळच्या लेण्यांशी जुळविले. मराठवाड्यातील एका डोंगराची कथा वऱ्हाडातील एका कपाटात कित्येक पिढ्या पडून होती, आणि वेष्टन सुटल्यावर दोघांची भेट झाली.

‘णायकुमारचरिउ’विषयी एक विशेष सांगावयास हवे. नागकुमाराची ही कथा पंचमीव्रताचे फळ सांगण्यासाठी रचलेली आहे. ज्ञानाच्या आराधनेची आपली तिथीही पंचमीच. ज्येष्ठ शुद्ध पंचमी, अर्थात श्रुतपंचमी. गिरनारच्या चंद्रगुंफेत आचार्य धरसेन यांना आपल्यानंतर श्रुतज्ञान लोप पावेल, ही चिंता लागली. त्यांनी पुष्पदंत (हे आचार्य, वर उल्लेखिलेले कवी नव्हेत) आणि भूतबली या दोन मुनींना ते शिकविले. त्यांनी षट्‌खंडागम लिपिबद्ध केला आणि त्याची पूजा झाली, तो हा दिवस. म्हणजे मुखोद्‌गत ज्ञान लेखणीच्या स्वाधीन केल्याचा हा सोहळा आहे. त्या दृष्टीने पाहता पोहरादेवीच्या संग्रहालयामागील चिंता आणि धरसेनाचार्यांची चिंता यांत फार अंतर नाही.

या षट्‌खंडागमाचा पुढील प्रवासही कारंज्याला स्पर्श करून गेला. धवला टीकेसह त्याच्या ताडपत्रीय प्रती कर्नाटकात मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत होत्या. शेकडो वर्षे यात्रेकरूंना त्यांचे केवळ दर्शन मिळे. मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे हिराचंद नेमचंद यांच्या खटपटीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रतिलिपीचे काम सुरू झाले, तेही प्रत बाहेर जाऊ नये या अटीवर. अखेर एक नक्कल गुप्तपणे बाहेर आली, सहारनपूरला पोहोचली, तेथून तिच्या नकला निघाल्या. त्यांतील एक नक्कल कारंज्याच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमात आली. ब्रह्मचारी देवचंदजींनी (पुढे मुनी समंतभद्र महाराज) १९१८ साली स्थापन केलेले हे गुरुकुल. प्रा. हिरालाल जैन यांनी अमरावती येथून १९३९ साली धवलेचा पहिला भाग प्रसिद्ध केला, तेव्हा अमरावती व आरा येथील प्रतींबरोबर कारंज्याची ही प्रतही त्यांच्यापुढे होती. सुमारे दोन दशकांत सोळा भाग पूर्ण झाले. जे दर्शनापुरते होते, ते वाचनापुरते झाले.

पूर्वी श्रुतपंचमीला भांडारातील पोथ्या बाहेर काढून उन्हाची झळ न लागता वारा देत, पाने मोजीत, जीर्ण वेष्टने बदलीत आणि मगच पूजा व मिरवणूक होई. आजही ही पद्धत काही ठिकाणी आहे. पुष्कळ ठिकाणी आरती तेवढी उरली आहे. वेष्टनांसंबंधी एक सूचना अस्थानी होणार नाही. भाविक मंडळी हौसेने चकचकीत साटीन वा जरीचे कापड अर्पण करतात. त्यांतील बरेचसे कृत्रिम धाग्याचे असते. त्यातून हवा खेळत नाही आणि पावसाळ्यात आत दमटपणा धरतो. साधे सुती मांजरपाट शतपटीने बरे. मात्र कोऱ्या मांजरपाटाला खळ असते आणि खळीला कसर लागते. म्हणून कापड दोन-तीनदा धुऊन, पूर्ण वाळवूनच बांधावे. जुन्या मंडळींना हे सांगावे लागत नसे.

स्वातंत्र्यानंतर ग्रंथालयाचा संसार निराळा झाला. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली आला. गावोगावी शासनमान्य वाचनालये उभी राहिली, ‘अ’ पासून ‘ड’ पर्यंत त्यांचे वर्ग ठरले. आज तेथे १२ ऑगस्टला डॉ. रंगनाथन यांची जयंती, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो, स्पर्धा परीक्षेची मुले सकाळपासून येऊन बसतात. अनुदान तुटपुंजे, तरी दार उघडे असते आणि दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला क्रमांक असतो. मंदिराच्या कपाटाची स्थिती याच्या उलट. विश्वस्त व्यवस्था अधिनियमाप्रमाणे न्यासाचा हिशेब दरवर्षी तपासला जातो. ताळेबंदाच्या परिशिष्टात चांदीची छत्रे, चामरे, कलश वजनासह उतरतात. हस्तलिखिते मात्र नोंदलीच, तर ‘जुनी पुस्तके’ या सदराखाली, आणि त्यांचे मूल्य एक रुपया. एका गावी तर किल्ली ज्या घराण्याकडे होती, ते पुण्यास स्थायिक झाले. नंतर कपाट उघडले, तेव्हा वाळवीने खालचे दोन खण संपविले होते. किती पोथ्या गेल्या, हे सांगता येईना, कारण किती होत्या, हेच कोठे लिहिलेले नव्हते.

कारंज्याच्या मंडळींनी प्रथम केली ती यादी. ग्रंथनाम, कर्ता, भाषा, पत्रसंख्या, लेखनकाल, प्रशस्तीचा सारांश. एवढ्यासाठी पंडित लागत नाही. देवनागरी वाचणारे आणि हात स्वच्छ धुतलेले दोन तरुण पुरतात. आता तर भ्रमणध्वनीवरही स्पष्ट छायाचित्र येते. केंद्र सरकारने २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् ही नवी योजना जाहीर केली. नोंद करू इच्छिणाऱ्यास मार्ग नाही, असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही.

न्यासाची पन्नास वर्षांची इतिवृत्ते, पावतीपुस्तके, पंचकल्याणकांच्या निमंत्रणपत्रिका हीसुद्धा उद्याच्या अभ्यासकाची प्रशस्तीच होय. पहिल्या सभेचे इतिवृत्त आज कोणत्या कपाटात, कोणत्या कापडात बांधलेले आहे आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे, याची नोंद याच वर्षी व्हावयास हवी. ज्यांना ते ठाऊक आहे, त्यांपैकी बहुतेकांनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे.