छोट्या लाईनचे पूल

नागपुरास पहिली आगगाडी आली ती १८६७ साली, पश्चिमेकडून, ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीच्या रुळांवरून. पुढे राजनांदगावकडे जाणारा सरकारी मीटरगेज मार्ग १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने आपल्या ताब्यात घेऊन रुंद केला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच कंपनीने सातपुड्याच्या मुलखात अडीच फुटी रुळांचे जे विस्तीर्ण जाळे पसरले, ते नागपूरकरांच्या तोंडी ‘छोटी लाईन’ म्हणून रूढ झाले. अरुंद रूळ तीव्र वळण घेऊ शकतो. त्यामुळे डोंगर कमी फोडावा लागतो, भराव कमी घालावा लागतो आणि पुलांचा खर्चही आटोक्यात राहतो, हा हिशेब त्यामागे होता.

परंतु पुलाच्या बाबतीत हा हिशेब सरसकट लागू होत नसे. इंजिने विलायतेच्या कारखान्यांतून एका साच्याची घडून येत, रूळही ठरावीक वजनाचे येत. पूल मात्र ज्या ओढ्यावर उभा राहायचा त्याच्याच मापाचा करावा लागे. वैशाखात वाळूचे निव्वळ पात्र असलेली सातपुड्यातील नदी श्रावणात काठ सोडते, म्हणून गाळ्यांची लांबी, पायाची खोली आणि गर्डरची उंची यांचा निर्णय नकाशावर करण्याआधी पुराच्या खुणेवर करावा लागे.

छिंदवाड्याकडची छोटी लाईन २०१५ च्या अखेरीस आणि नागभीडची २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली. १४ डिसेंबर २००२ रोजी नागपूरच्या मोतीबागेत उघडलेल्या नॅरोगेज संग्रहालयात इंजिने आणि डबे जतन झाले, हे भाग्यच. पण पूल संग्रहालयात आणता येत नाही, आणि येथेच प्रतिकृतीकाराचे काम सुरू होते. पुण्याच्या कोथरुडात भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ साली लोकांसाठी खुले केलेले लघुरेल्वेचे नगर पाहिल्यावर हा छंद केवळ मुलांचा आहे असे कोणी म्हणणार नाही.

सत्त्याऐंशीपट लहान प्रमाण घेतले, तर ७६२ मिलिमीटरचे रुळांमधील अंतर पावणेनऊ मिलिमीटरांच्या आसपास येते, म्हणजे बाजारात मिळणारा नऊ मिलिमीटरचा तयार रूळ चालून जातो. चाळीस फुटी गर्डर चौदा सेंटिमीटरांचा होतो. पण असा तयार पूल कोठल्याही दुकानात मिळत नाही. जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून, त्यांवर मागील बाजूने बोथट सुईने एकेक रिव्हेट उठवीत तो घरीच घडवावा लागतो. गर्डर-पुलावर खडी नसते. लाकडी स्लीपर थेट लोखंडावर बसतात, आणि ते इतर मार्गापेक्षा जाड व अधिक जवळजवळ असतात. वळणावर तर गर्डर वाकविण्याचा मोह अनावर होतो, आणि तो आवरलाच पाहिजे: खऱ्या पुलावर गर्डर सरळच राहतात, प्रत्येक खांबावर त्यांची दिशा किंचित बदलते आणि वाकतो तो वरचा रूळ. खांबांवर पुराची खूण रंगवावी, पुलाचा क्रमांक लिहावा, आणि खाली कोरड्या वाळूचेच पात्र करावे. सातपुड्यातील पूल वर्षातील बहुतेक महिने तसाच दिसतो.

या मार्गांवरील जुनी दगडी बांधकामे जेथे अद्याप उभी आहेत, तेथे फीत घेऊन जाण्याची आणि मोतीबागेच्या जुन्या मिस्त्र्यांना गर्डर कसे बसवीत हे विचारून घेण्याची वेळ आजच आहे. नव्या रुंद मार्गासाठी मुरूम पडला की मापे घ्यायला काही उरत नाही.